गुंडीची सुई

मास्तर माप एकदाच घेत. दोनदा टेप लावणारा शिंपी गिऱ्हाइकाला तरी घाबरलेला असतो, नाहीतर स्वतःला, असं त्यांचं म्हणणं, आणि हे म्हणणं त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला निदान दोनदा तरी ऐकवलेलं होतं. त्यामुळे जनावरांच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरणीनं गुंडीचं रक्त तपासलं, आकडा बघून कपाळाला आठी घातली आणि पुन्हा तपासलं, तेव्हाच ती त्यांच्या मनातून निम्मी उतरली. उरलेली निम्मी तिनं निदान सांगितल्यावर उतरली. मांजराला मधुमेह.

मास्तर म्हणाले, हिनं जन्मात साखरेचा दाणा तोंडात घेतलेला नाही. डॉक्टरीण म्हणाली, मांजराला गोड कळतच नाही काका, आणि प्रश्न साखर खाण्याचा नाहीये. हिच्या शरीरात जे इन्सुलिन तयार व्हायला हवं ते पुरत नाही, म्हणून ते बाहेरून द्यायचं. मास्तरांनी मान डोलावली. ‘जरा नव्या फॅशनचा शिवा’ असं गिऱ्हाईक म्हणालं की ते अशीच मान डोलावत आणि कोट आपल्या मनासारखा शिवत.

तरी खुणा सगळ्या समोर होत्या. गुंडी महिनाभर पाण्याच्या भांड्याला तोंड लावून बसायची. खायची दुप्पट आणि व्हायची निम्मी. कापडाच्या ठाणावर एका उडीत चढणारी ती, हल्ली मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालायची, एखाद्या म्हाताऱ्यानं सैल चपला फरफटत न्याव्यात तशी. राखाडी अंग आणि छातीवर एकच पांढरा ठिपका, शर्टाच्या पहिल्या गुंडीच्या जागी. म्हणून लेकीनं नाव ठेवलं होतं. लेकीलाच ती सापडली होती, दुकानामागच्या चिंध्यांच्या पोत्यात. लेक पुढे शिकली, नोकरीला दूरच्या शहरात गेली, आणि मांजर मास्तरांच्या बेतायच्या टेबलावर राहिलं.

डॉक्टरणीनं सांगितलं, सकाळ-संध्याकाळ, पोटभर खाल्ल्यावर, मानेमागच्या सैल कातडीत सुई. हे बहुधा कायमचं. ऐकून मास्तरीणबाईंनी टेबलाची कड धरली. गल्ली त्यांना मास्तरीणबाई म्हणायची ती मास्तरांची बायको म्हणून. त्यांनी कुणाला काही शिकवलं नव्हतं, आणि नवऱ्याला शिकवायचा नाद सोडून तर बरीच वर्षं झाली होती. दुकानात काज, बटणं आणि तुरपाई त्यांच्याकडे. बाकी कापडाला मास्तर सोडून कुणाचा हात लागत नसे.

डॉक्टरणीनं कातडी चिमटीत उचलून तंबूसारखी केली, सुई कुठे शिरते ते दाखवलं, मग म्हणाली, आता एकदा तुम्ही करून दाखवा. मास्तर हसले. “डॉक्टर, अख्खं आयुष्य सुई हातात धरून गेलं. ही तुमची सुई तर केसासारखी आहे. हिनं मलमल शिवायचीसुद्धा लाज वाटेल.” तीही हसली. बाहेर एक कुत्रा गळा काढून रडत होता, बाकावर गर्दी होती. तिनं आग्रह धरला नाही. ते हसू दोघांनाही पुढे महागात पडायचं होतं, पण त्या वेळी दोघांनीही ते चांगुलपणाच्या खात्यात टाकलं.

दोघं निघताना तिनं एक गोष्ट मात्र बजावून सांगितली. मांजर अचानक लटपटलं, शून्यात बघायला लागलं, तर साखर एकदम खाली गेली असं समजायचं. हिरड्यांना मध चोळायचा आणि तडक इकडे यायचं. मास्तरांनी हेही मान डोलावून घेतलं. साखर वर आहे म्हणून आलेल्या माणसाला साखर खाली जाईल म्हणून घाबरवायचं, म्हणजे ढगळ कोट घेऊन आलेल्याला तो फाटेल असं सांगण्यातलाच प्रकार, हे त्यांनी घरी जाता जाता बायकोला ऐकवलं.

त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिनं बातमी ऐकून घेतली. मग जे बोलली ते मास्तरांच्या छातीत टाचणीसारखं राहिलं.

“बाबा, आजीच्या वेळेसारखं करू नका. जे असेल ते मला आधी सांगा.”

आजी गेली तेव्हा लेकीची परीक्षा चालू होती. मास्तरांनी शेवटच्या पेपरानंतर कळवलं होतं. यात पोरीचं भलंच पाहिलं असं ते धरून चालले होते; लेकीनं ते कुठल्या रकान्यात मांडलं हे त्यांना त्या दिवशी कळलं. ते म्हणाले, तुझं मांजर माझ्या हातात आहे, आणि माझा हात तुला माहीत आहे. तू सुटीवर येशील तेव्हा ती टेबलावर उडी मारून दाखवेल. बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की त्यांनी तारीख देऊन टाकली. कोटाची तारीख त्यांनी कधी चुकवली नव्हती.

सुई टोचणं मास्तरांना पहिल्या दिवसापासून साधलं, असं घरातल्या दोघांनाही वाटलं. बघण्यासारखं असे ते. गुंडीचं खाणं संपत आलं की ते मागे वाकत, डाव्या चिमटीत कातडी उचलत, उजव्या हातानं सुई सर्रकन घालत, दट्ट्या दाबत आणि काढून घेत. गुंडीची जीभ ताटलीवरून हललेलीसुद्धा नसे. मान तेवढी जराशी ओली व्हायची. सुईच्या टोकाचा थेंब, असं म्हणून मास्तर खिशातल्या चिंधीनं ती पुसून टाकत. त्या चिंधीला दवाखान्याचा वास येई. धुताना मास्तरीणबाई एकदा म्हणाल्या, अहो, वास फार येतो हो हिला. मास्तर म्हणाले, औषधाला औषधाचा नाही तर काय अत्तराचा येणार? विषय तिथंच संपला. त्या घरात सुईचे विषय असेच संपायचे.

आठवडा झाला. डॉक्टरणीनं रक्त पाहिलं. आकडा ढिम्म. इंजेक्शन नीट जातंय ना, असं तिनं विचारलं, आणि मास्तरांनी असा चेहरा केला की तिनं पुढचा प्रश्न गिळला. तिनं मात्रा वाढवली.

तिथून मास्तरांची झोप, भूक आणि टीप, तिन्ही बिघडली. हातातलं काम टाकून ते उठत, पाण्याचं भांडं बघत, परत बसत. पाय मशीनच्या पायट्यावर ठेवत आणि पुन्हा उठत. गुंडी टेबलाखाली झोपली की ती जरा जास्तच झोपते असं वाटे. चालायला लागली की तिच्या टाचा बघायला ते खडू हातात घेऊन मागे मागे जात. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला त्यांनी डाव्या बाहीच्या जागी उजवी लावली, आणि ते गिऱ्हाइकाच्या आधी बायकोला दिसलं. तिनं मुकाट्यानं शिवण उसवून ठेवली. मास्तरांनी उसवलेली बाही पाहिली, बायकोकडे पाहिलं, आणि उन्हाळा फार आहे म्हणाले. उन्हाळा नव्हता.

माणूस चोर शोधायला लागला की आधी लांबचा शोधतो. पहिला संशय औषधावर गेला. बाटली फ्रिजच्या दारात ठेवली जाते, दार सारखं उघडतं, म्हणून ती आतल्या कप्प्यात हलली. मग फ्रिजवरच. मग डॉक्टरणीच्या यंत्रावर. दोनदा तपासणाऱ्या बाईच्या यंत्रावर भरवसा काय ठेवायचा. त्यानंतर घरातली साखर. मांजराला गोड कळत नाही हे त्यांना सांगितलेलं होतं, पण सांगितलेलं आणि पटलेलं यांत वीतभर अंतर असतं. एका दुपारी त्यांनी साखरेचा डबा, जॅमची बरणी आणि मधाची नवीकोरी बाटली उचलून पिशवीत भरली आणि शेजारच्या बेकरीत नेऊन दिली. आमच्याकडे आता गोडाचं नाव नको, म्हणाले. मास्तरीणबाई पिशवीकडे बघून काहीतरी बोलणार होत्या, पण मास्तर तोवर रस्त्यावर होते. त्या दिवसापासून दोघंही बिनसाखरेचा चहा पीत. मास्तरीणबाईंना हा आजार कुणाला झालाय तेच कधी कधी कळेनासं होई.

बेकरीवाल्याला गल्ली पिठोबा म्हणायची. डोक्यापासून पायापर्यंत पीठ, भुवयासुद्धा पांढऱ्या. त्यानं पिशवी ठेवून घेतली, आणि तिथेच तो पुढचा संशयित झाला. कारण पिशवी देताना मास्तरांना दिसलं की बेकरीच्या मागच्या पायरीवर एक रिकामी बशी आहे.

गुंडीला पूर्वी पिठोबाकडे सायीचं बोट मिळायचं, हे खरं. आजार कळल्यावर मास्तरीणबाईंनी जाऊन सांगितलं, आणि त्यानं ते बंद केलं, हेही खरं. बशी त्याच्या स्वतःच्या चहाची होती. पण दुसऱ्यांदा आकडा हलला नाही, डॉक्टरणीनं ओठ दुमडून मात्रा आणखी वाढवली, त्या दिवशी दवाखान्यातून परतताना मास्तर घरी न जाता सरळ बेकरीत शिरले. गिऱ्हाइकं पाव घेत उभी होती. त्यांच्यादेखत मास्तर पिठोबाला म्हणाले की काही लोकांना दुसऱ्याच्या जनावरावर लाड करायची हौस असते, औषधपाणी मात्र दुसऱ्यानं करायचं. पिठोबा आधी हसला, कारण त्याला वाटलं मास्तर नेहमीसारखी फिरकी घेताहेत. मग त्याला कळलं. त्यानं हात झटकले, पिठाचा ढग उठला.

“मास्तर, तुमच्या मांजराला मी महिन्यात बोट लावलेलं नाही. आणि आता तुमच्या उंबऱ्यालाही लावणार नाही.”

पाव घेणाऱ्यांपैकी कुणी मध्ये पडलं नाही. भांडण फुकट बघायला मिळत असताना सोडवायला कोण जातं? मास्तर बाहेर आले तेव्हा हातातल्या पिंजऱ्यातून गुंडी त्यांच्याकडे बघत होती. मांजराच्या नजरेत दोषारोप नसतो. माणूसच तो आपल्या पदरचा घालतो. मास्तरांनी घातला.

त्या संध्याकाळी लेकीनं विचारलं, साखर किती आहे बाबा? मास्तर म्हणाले, उतरतेय. मास्तरीणबाई समोर बसून एका पँटच्या पायाला तुरपाई घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण सुई थांबली. फोन ठेवल्यावर मास्तर म्हणाले, येईपर्यंत उतरेलच की. बायको म्हणाली, आजीपण पेपर संपेपर्यंत बरी होणार होती. त्यानंतर ते घरभर तीन खोल्या फिरत राहिले. आणि तीन खोल्यांत माणूस फार फिरू शकत नाही, तो फक्त वळत राहतो.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक मोठं हॉटेल होतं. तिथल्या दारवानांचे कोट मास्तरांकडे होते, आणि ट्रायलचा दिवस टाळण्यासारखा नव्हता. सकाळीच निघायचं होतं. नेमकी त्या सकाळी गुंडी ताटलीकडे बघेना. वास घेतला, मागे फिरली, ठाणावर जाऊन बसली. खाल्ल्याशिवाय सुई द्यायची नाही. मास्तर दारात कोटांचं गाठोडं खांद्यावर घेऊन उभे, आत-बाहेर, आत-बाहेर. शेवटी त्यांनी सिरिंज स्वतः भरली, उजेडाकडे धरून रेघ बघितली, फ्रिजमध्ये ठेवली, आणि बायकोला म्हणाले, खाल्लं की दे. तुला जमेल ना? मास्तरीणबाई म्हणाल्या, जमवते. मास्तर पायऱ्या उतरले, परत चढले, चिमटी कशी धरायची ते हवेत करून दाखवलं, आणि गेले.

हॉटेलात त्यांचं चित्त नव्हतं. चार धिप्पाड दारवान कच्च्या टाक्यांच्या कोटांत हात पसरून उभे होते आणि मास्तर त्यांच्या काखेत टाचण्या लावता लावता मनात गुंडीच्या मानेवर पोचत होते. एका दारवानाला टाचणी लागली. बिचारा काही बोलला नाही; दारात उभं राहून न बोलण्याचीच नोकरी होती ती. मास्तरांनी एकदा घरी फोन लावला. मास्तरीणबाई म्हणाल्या, खाल्लं थोडं, दिली सुई, झोपलीय. सगळं ठीक होतं. म्हणूनच त्यांना आणखी अस्वस्थ वाटलं. ज्या घरात आठवडेच्या आठवडे काही ठीक नव्हतं तिथं एकदम ठीक कसं?

दुपारी परतले. दुकानात मास्तरीणबाई एका गिऱ्हाइकाला कापडाचे रंग दाखवत होत्या. टेबलावर गुंडी नव्हती. ठाणांवर नव्हती. मास्तरांनी गाठोडं टाकलं आणि ओणवे झाले. ती मशीनखाली होती. उभी राहायला बघत होती आणि मागचे पाय तिचं ऐकत नव्हते. मान एका बाजूला हळूहळू जायची, मग सावरायची. त्यांनी हाक मारली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, पण नजर त्यांच्यातून आरपार गेली.

मास्तर म्हणाले, मध. मग त्यांना आठवलं. घरात मध नव्हता. साखर नव्हती. जॅम नव्हता. घरातलं सगळं गोड त्यांनी स्वतःच्या हातानं हद्दपार केलं होतं, आणि ते होतं बेकरीत, जिथून त्यांच्या उंबऱ्यावर आता कुणी येणार नव्हतं.

मास्तरीणबाई अनवाणी धावल्या. मास्तर मांजर मांडीवर घेऊन जमिनीवर बसून राहिले. कापडाचं गिऱ्हाईक रंगाचे दोन तुकडे हातात धरून तसंच उभं होतं. जावं की राहावं हे त्याला कळेना. क्षणात पिठोबा आला. मागे मास्तरीणबाई, पुढे तो, पांढराफटक, हातात बाटली.

“तुमचीच आहे मास्तर. झाकणही उघडलेलं नाही.”

झाकण त्यानंच दातांनी सोडवलं, कारण मास्तरांचे दोन्ही हात गुंडीभोवती होते. मध हिरड्यांना लावला तोही त्यानंच, गुडघे टेकून, पिठाच्या बोटानं, अगदी अलगद, केकवर काम करणाऱ्या माणसाच्या हातानं. मास्तरांनी फक्त जबडा धरला. मग पिठोबा म्हणाला, गाडी दारातच आहे. बेकरीच्या गाडीत मागे पावांचे रिकामे ट्रे खडखडत होते, मधल्या सीटवर दोघं नवराबायको, आणि त्यांच्या मांडीवर कोटाच्या अस्तरात गुंडाळलेली गुंडी. सिग्नलला गाडी थांबली की मास्तर पाय दाबत, जणू मशीनच चालवत होते.

डॉक्टरणीनं ग्लुकोज चढवलं. बराच वेळ गेला. गुंडीनं आधी कान हलवला, मग शेपटीचं टोक, आणि शेवटी ती डॉक्टरणीच्या हातावर गुरगुरली. डॉक्टरीण म्हणाली, चिडली म्हणजे परत आली. पिठोबा बाहेर बाकावर होता. ते ऐकून तो उठून गाडीतले ट्रे सरळ करायला गेला.

मग डॉक्टरणीनं खुर्ची ओढली. तिला हिशोब लागत नव्हता. इतके दिवस एवढी मात्रा देऊन साखर वरच होती. आज त्याच मात्रेनं ती तळाला गेली. आज खाणं वेगळं होतं का? थोडं कमी खाल्लं, मास्तरीणबाई म्हणाल्या, पण अगदी उपाशी नव्हती. एवढ्यानं इतकी कोसळणार नाही, डॉक्टरीण म्हणाली. बाटली नवी होती का? तीच. सिरिंज कुणी भरली? मास्तर म्हणाले, मी. माप माझं होतं. मग आज बदललं काय?

मास्तरांना उत्तर सापडलं, आणि ते बोलून मोकळे झाले. आज सुई हिनं दिली. हिची सवय नाही, कुठंतरी भलत्या जागी टोचली असणार.

मास्तरीणबाईंनी मान खाली घातली. त्यांच्या पायाला रस्त्याची माती होती, आणि त्यांची नजर त्या मातीवर होती.

डॉक्टरणीनं एकदा मास्तरांकडे, एकदा मास्तरीणबाईंकडे पाहिलं. कपाटातून जाडसर टॉवेल काढला, टेबलावर चुरगळून ठेवला, दोन सिरिंजमध्ये नुसतं पाणी भरलं. म्हणाली, हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. दोघांनीही आत्ता मला दाखवा.

आधी मास्तरीणबाई. त्यांनी टॉवेलाची घडी चिमटीत उचलली, सुई घडीच्या पोटात शिरेल इतकीच घातली, थांबल्या, दट्ट्या सावकाश दाबला, काढली. डॉक्टरणीनं घडी दोन्ही बाजूंनी चाचपली. बाहेर कोरडी, आत ओली.

मग मास्तर. त्यांनी शर्टाची बाही सारली. चिमटी उचलली, सर्रकन सुई घातली, दाबली, काढली. बघत राहावं असं काम. फक्त टॉवेलाच्या पलीकडे, स्टीलच्या टेबलावर, पाण्याची एक बारीक रेघ उमटली आणि कडेकडे ओघळली.

मास्तरांनी ती रेघ पाहिली. मग सुई पाहिली. मग न सांगता त्यांनी दुसरी चिमटी उचलली आणि पुन्हा केलं, हळू, स्वतःच्या हातावर नजर ठेवून. सुई अलीकडून शिरली आणि पलीकडून निघाली. दोनदा माप घेतलं त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा, आणि दोन्ही वेळा ते एकच आलं.

डॉक्टरणीला लगेच उमगलं. औषध कातडीच्या आत नाही, रोज केसांवर जात होतं. गुंडीला कितीतरी दिवस इन्सुलिन मिळालंच नव्हतं, किंवा जेमतेम थेंबभर. आणि आकडा हलत नाही म्हणून ती मात्रा वाढवत गेली. आज पहिल्यांदा पूर्ण मात्रा आत गेली, तीही वाढवलेली, तीही अर्ध्या पोटी. ती म्हणाली, यात माझीही चूक आहे काका. तिनं ते मनापासून म्हटलं. मास्तरांना ते ऐकू आलं की नाही कोण जाणे.

मास्तरीणबाईंनी टॉवेलावरून बोट फिरवलं.

“कच्चा टाका आहे हा तुमचा. अस्तर जोडताना सुई पलीकडे काढायचीच असते, तुमचा हात आपोआप जातो. तुरपाईत पलीकडे दिसली की टाका वाया. मी जन्मभर तेवढंच केलं.”

मास्तर म्हणाले, तुला कळलं होतं?

त्यांनी टॉवेल सरळ केला. “वास येत होता. पण तुमच्या सुईला घरात कोण बोलणार?”

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नाही. घराचा नियम सांगावा तसं सांगितलं. टोमणा असता तर मास्तरांनी परतवला असता. गेल्या महिन्यातले सगळे चोर त्यांच्या डोळ्यांपुढून गेले, फ्रिज, यंत्र, डॉक्टरीण, साखरेचा डबा, बाहेर ट्रे मांडत असलेला पांढऱ्या भुवयांचा माणूस, आणि ओळीच्या टोकाला आरशात दिसावं तसं एकच तोंड राहिलं.

गुंडीला रात्रभर तिथंच ठेवायचं ठरलं. मात्रा पुन्हा पहिल्यापासून, अगदी कमी. बाहेर आल्यावर मास्तर गाडीच्या दाराशी घुटमळले. पिठोबानं इंजिन सुरू केलेलं होतं. मास्तरांना म्हणायचं पुष्कळ होतं, पण ते ज्या घशातून निघणार होतं तो घसा भांडायलाच तयार झालेला होता. शेवटी ते म्हणाले, त्या दिवशी बेकरीत मी जे बोललो ते तिथल्याच लोकांसमोर परत घ्यायला हवं. पिठोबा म्हणाला, सकाळी या, गर्दी असते. मग गिअर टाकत म्हणाला, आणि तो साखरेचा डबा घेऊन जा, माझ्याकडे साखर कमी नाही. मास्तरीणबाई हसल्या. मास्तरांना हसावंसं वाटलं, पण हसू अजून रांगेत मागे होतं, पुढे माफी होती.

घरी आल्यावर मास्तर बसले नाहीत. टेबलावरचा खडू उचलला, ठेवला. कात्री म्यानात घातली, काढली. मग त्यांनी स्वतःच फोन उचलला. लेकीचा फोन यायच्या आधी ते कधीच करत नसत, म्हणून तिनं घेतला तोच घाबरून घेतला. त्यांनी सगळं सांगितलं. उतरतेय म्हटलं ते खोटं होतं, इथपासून टेबलावरच्या पाण्याच्या रेघेपर्यंत. मध्ये मध्ये ते थांबत आणि बायकोकडे बघत, आणि ती मान हलवे: पुढे. लेकीनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, आता कशी आहे? मास्तर म्हणाले, डॉक्टरवर गुरगुरली. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. “आधी सांगितलंत, बाबा,” ती म्हणाली. मास्तरांना वाटलं होतं ती रागावेल. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला, कारण पहिल्या कानाकडचा गाल एकदम ओला झाला होता.

गुंडी दोन दिवसांनी घरी आली. टेबलावर उडी मारणं अजून दूर होतं. सगळ्यात खालच्या ठाणावर पुढचे पाय टेकवायची, विचार करायची, उतरायची. संध्याकाळी ती ताटलीवर वाकली. मास्तरीणबाई मागे बसल्या. मास्तर पुढे बसले, ताटली धरून, कारण त्यांना काहीतरी धरायला हवंच होतं. बायकोनं चिमटी उचलली. मास्तरांचा उजवा हात ताटलीखाली आपोआप पुढे सरकला, सुई पलीकडे काढायला निघाल्यासारखा. त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“कधीच,” त्या म्हणाल्या, आणि अर्धवट राहिलेल्या पँटच्या पायाकडे वळल्या.

गुंडी तोंड पुसत दूर गेली. टाचा अजून टेकत होत्या. मास्तर मागोमाग गेले, ओणवे झाले, आणि तिच्या मानेमागे केसांत बोटं घातली. एकदा चाचपलं. मग पुन्हा एकदा. कोरडं होतं.